मोकळे हात

बुधवार, रात्र

सीपीआर, म्हणजे थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, चालू असताना टीम लीडरचे हात मोकळे असावेत, हे प्रत्येक प्रशिक्षणात शिकवतात. आणि तरीही श्वासनलिकेत नळी टाकायची वेळ आली की सगळ्यांत अनुभवी माणूसच डोक्याशी जाऊन वाकतो. लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशात बघायच्या उपकरणाच्या, पात्यावरून स्वरतंतू शोधणाऱ्याला ना मॉनिटर दिसतो, ना घड्याळ, ना छाती दाबणाऱ्याचे थकलेले हात. तेवढा वेळ टीम निर्नायकी. नळी त्यालाच टाकावी लागणार असेल, तर आधी कुणाला तरी नाव घेऊन सांगावं, "आता टीम तुम्ही बघा." लीडरने उभं राहावं ते पलंगाच्या पायथ्याशी. तिथून रुग्ण, मॉनिटर आणि सगळ्यांचे चेहरे एका नजरेत येतात.

टीमची परीक्षा होते ती हृदयाची लय बघायला दर 2 मिनिटांनी येणाऱ्या थांब्यात. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबत राहिलं की हृदयाला रक्त पुरवणारा दाब हळूहळू चढतो. हात थांबले की तो झपकन उतरतो आणि पुन्हा चढायला छाती बऱ्याच वेळा दाबावी लागते. म्हणून थांबा 10 सेकंदांच्या आत.

सराव असलेल्या टीममध्ये वेळ बघणारा 15 सेकंद आधीच आवाज देतो. पुढचा दाबणारा समोरच्या बाजूला येऊन उभा राहतो. एकाची बोटं मांडीच्या सांध्यातल्या नाडीवर आधीपासून असतात. शॉक देणारा डीफिब्रिलेटर छाती दाबणं चालू असतानाच चार्ज होतो. "थांबा." सगळ्यांच्या नजरा मॉनिटरवर. "व्हीएफ. ऑक्सिजन लांब, सगळे बाजूला." व्हीएफ म्हणजे हृदयाची नुसती थरथर, शॉक लागणारी लय. शॉक. लगेच नवे हात छातीवर, नाडी बघायला न थांबता. शॉक लागणार नसेल तर चार्ज काढून टाकायचा, एवढंच. सराव नसेल तर हीच कामं थांबल्यानंतर एकामागून एक सुरू होतात: नाडी सापडत नाही, मग चार्जिंगची शिट्टी ऐकत सगळे उभे. दाबणारा बदलायचा तोही दर 2 मिनिटांनीच, "दमलात का?" असं न विचारता. दाबण्याची खोली कमी होते ती दमल्याचं त्याला स्वतःला जाणवायच्या आधी.

"ॲड्रेनॅलिन द्या रे कुणीतरी" हा हुकूम नव्हे. तो ऐकून एक तर दोघं देतात, नाही तर कुणीच देत नाही. "सिस्टर, ॲड्रेनॅलिन 1 मिलिग्रॅम शिरेतून." "1 मिलिग्रॅम दिलं, 20 मिलीने फ्लश केलं." हे उत्तर कानावर पडेपर्यंत औषध गेलं असं धरायचं नाही. नोंद करणारा वेळ लिहितो, कारण पुढचा डोस 3 ते 5 मिनिटांनी आहे आणि अशा वेळी आपला अंदाज हमखास चुकतो.

गाजावाजा न होता घडणारी चूक म्हणजे ॲम्बू बॅग, हाताने दाबून श्वास देणारी पिशवी. नळी टाकल्यावर 6 सेकंदांत एक श्वास पुरतो. तणावाखाली हात ती त्याच्या दुप्पट वेळा दाबतात. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि चांगलं चाललेलं दाबणंही फुकट जातं. "हळू" म्हटल्याने फरक पडत नाही. "मोठ्याने सहा मोजा आणि मग दाबा" म्हटल्याने पडतो. कॅप्नोग्राफवरचा, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरचा, आकडा 10 mmHg च्या खाली घसरला, तर नळी जागेवर आहे ना आणि दाब पुरेसे खोल आहेत ना, हे आधी बघावं.

दर फेरीला लीडरने मोठ्याने आढावा घ्यावा: "5 मिनिटं झाली, तीन शॉक, ॲड्रेनॅलिन एकदा, ॲमिओडॅरोन 300 मिलिग्रॅम गेलं. रक्तातल्या पोटॅशियमचं काय? काही सुटतंय का?" आणि विचारून झाल्यावर दोन सेकंद गप्प राहावं. कोपऱ्यातल्या नव्या ब्रदरला "सर, डावी छाती हलत नाहीये" म्हणायला तेवढीच फट मिळते. मग आधी नळी किती आत गेली हे दाखवणारा तिच्यावरचा आकडा बघायचा. ती उजवीकडे खोल गेलेली असू शकते, आणि तसं असेल तर छातीत कोंडलेली हवा काढायला सुई टोचायची गरजच नाही.