किती लिटरचा घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी सर्फिंगच्या बोर्डावर बोलायला लागलो की घरातली माणसं उठून आत जातात.

प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "दादा, शॉर्टबोर्ड घ्यायचाय. किती लिटरचा घेऊ?" शॉर्टबोर्ड म्हणजे लहान, चपळ सर्फबोर्ड आणि लिटर म्हणजे त्याचं घनफळ. विचारणारे नवखे राहिलेले नसतात. राजोडीला किंवा गोव्यात फोमच्या मोठ्या बोर्डावर शिकून झालेलं असतं, मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडून कर्नाटकात मुल्कीकडे जाऊन आलेले असतात, उभं राहणं अंगवळणी पडलेलं असतं, बॉटम टर्न, म्हणजे लाटेच्या पायथ्याशी घ्यायचं वळण, जमायला लागलेला असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत आपल्या रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून असे फोन जास्तच येतात. आपलं वजन त्यांनी कुठल्यातरी वेबसाइटवर टाकलेलं असतं आणि तिथून २७ हा आकडा निघालेला असतो. मी फक्त 'हो' म्हणायचं बाकी असतं.

मी 'हो' म्हणत नाही. मी बोर्ड बनवत नाही, दुरुस्त करतो, वसईत, पत्र्याच्या शेडमध्ये. मोडलेला बोर्ड आतून दिसतो आणि तो कोणी कसा वापरला तेही बऱ्यापैकी कळतं. चांगल्या सर्फरच्या बोर्डावर मागच्या टाचेचे खळगे बरोबर फिनांच्या, म्हणजे तळाला मागे बसवलेल्या पात्यांच्या, वर असतात, कारण वळताना सगळा जोर तिथे जातो. आपल्याकडच्या मुलांचे शॉर्टबोर्ड येतात त्यांवर मागे जवळजवळ काहीच नसतं आणि पुढच्या पायाखालचा भाग दबून गेलेला असतो. वळण्याचं राहू द्या, बोर्ड पळावा म्हणूनच ते बिचारे पुढे दाबत असतात.

आता लिटरचं बघू. २७ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडवला तर तो २७ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे साधारण २८ किलो वजन पेलतो. त्यातले अडीच किलो त्याचे स्वतःचे. तुम्ही ७५ किलोचे. त्यामुळे लाटेची वाट बघत त्यावर बसलात की छातीपर्यंत पाण्यात असता. यात बोर्डाचा दोष नाही. माणसाला तरंगत ठेवणं हे त्याचं कामच नाही. तो वेगात आला की खालून सरकणारं पाणी त्याला वर उचलून धरतं आणि तुमचं वजन त्या उचलीवर असतं. हा वेग तुमच्या हातांनी येत नाही, लाटेच्या उतारातून येतो. पट्टीच्या सर्फरचा हिशेब किलोमागे ०.३५ लिटरच्या आसपास धरतात तो या भरवशावर : उतार खडा असेल, लाट जोरात फुटेल आणि टेक-ऑफला, म्हणजे लाट पकडताना, दोन हात मारले की बोर्ड सुटेल.

शिवाय हे लिटर कुठे ठेवलेत ते तो आकडा सांगत नाही. एक लिटर पाणी तांब्यातही मावतं आणि परातीतही. दोन बोर्ड, दोन्ही २७ लिटरचे. एकाची जाडी मधोमध, छातीखाली, आणि कडा, म्हणजे रेल, निमुळत्या. दुसऱ्याची मधली जाडी तेवढी नाही, पण रेल फुगीर. पहिल्याची कड तुम्ही झुकलात की पाण्यात शिरते आणि धरून ठेवते. दुसऱ्याची कड बुडायलाच तयार नसते, तुमचं वजन कमी असेल तर नाहीच. ५२ किलोच्या एका मुलीला वेबसाइटने १९ लिटर सांगितले होते. तिने आणलेला बोर्ड १९ लिटरचाच होता, पण रेल अशी जाड की तिच्या वजनाने ती बुडणं कठीण. ती मात्र आपल्या पायांना दोष देत होती.

मला विचाराल तर पहिला प्रश्न रॉकरचा असायला हवा. बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने बघितला की पुढचं आणि मागचं टोक उचललेलं दिसतं, तो बाक म्हणजे रॉकर. हाय-परफॉर्मन्स शॉर्टबोर्डाचं नाक पाचेक इंच उचललेलं असतं आणि शेपूट अडीच इंचांच्या आसपास. खड्या लाटेची भिंत सरळ नसते, आत वळलेली असते. सपाट बोर्ड तिच्यावरून सोडला की नाक खाली रुततं आणि तुम्ही बोर्डावरून पुढे फेकले जाता. बाकदार बोर्ड त्या वळणात बसतो आणि लहान वर्तुळात फिरतो. पण हाच बोर्ड मंद, कमी उताराच्या लाटेवर आणा. ते उचललेलं नाक समोरचं पाणी ढकलत बसतं आणि शेपूट मागून पाणी ओढत राहतं.

यावर शेपर, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या, लोकांनी काढलेली तोड मला अजूनही भारी वाटते. बोर्ड उलटा करून तळावर आडवी पट्टी धरा, मधे फट दिसेल. हा खोलगटपणा म्हणजे कॉन्केव्ह. पाण्याला वाट करून देतो वगैरे सगळे सांगतात. खरी गंमत दुसरीच आहे. मधून फोम काढल्यामुळे मधल्या रेषेतला, स्ट्रिंगरवरचा (म्हणजे बोर्डाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या लाकडी पट्टीवरचा) बाक कमी होतो आणि कडेचा तसाच राहतो. म्हणजे एकाच बोर्डात दोन रॉकर. सरळ पळताना तुम्ही मधल्या, सपाट रेषेवर असता, बोर्ड सुसाट. झुकलात की कडेवर येता, तिथे बाक जास्त, बोर्ड वळतो. कोणत्या क्षणी कोणता रॉकर वापरायचा हे तुमची टाच ठरवते. पण त्यासाठी बोर्ड आधी झुकवता आला पाहिजे आणि झुकवायला वेग हवा. वेगच नसेल तर तुम्ही कायम त्या अधल्यामधल्या अवस्थेत असता, जिथे दोन्हींचा उपयोग नाही.

फिनांचा इतिहास इथे सांगायलाच हवा, कारण तीन फिना आपण देवाने दिल्यासारख्या धरून चालतो. साठच्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात बोर्ड झपाट्याने लहान झाले, तेव्हा बहुतेकांना एकच फिन होती. मग मार्क रिचर्ड्स दोन फिनांवर १९७९ ते १९८२ असा सलग चार वेळा जगज्जेता झाला आणि ज्याला त्याला दोन फिना हव्या झाल्या. सिडनीजवळच्या नॅराबीनचा सायमन अँडरसन हा धिप्पाड गडी होता. त्याच्या वजनाखाली दोन फिनांचा बोर्ड मागून घसरायचा. स्वतः शेपर असल्याने १९८० च्या अखेरीस त्याने मधे मागे तिसरी फिन बसवली आणि तिन्ही सारख्या मापाच्या केल्या. १९८१ च्या ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचवरच्या स्पर्धेत अचाट मोठ्या लाटा आल्या आणि त्याच बोर्डावर तो जिंकला. त्याच वर्षी सिडनीत जिंकला आणि हवाईला पाइपलाइन नावाच्या लाटेवरही. पेटंट घेतलं नाही. आज जगातले बहुतेक शॉर्टबोर्ड त्याच्या रचनेवर चालतात आणि त्याचे पैसे त्याला मिळत नाहीत.

हे सांगायचं कारण, तो बोर्ड एका ठरावीक वजनाच्या माणसाने एका ठरावीक अडचणीसाठी केला. आपण मात्र उत्तर आधी विकत घेतो.

नव्वदच्या दशकात हाच घोळ मोठ्या प्रमाणावर झाला. अमेरिकेचा केली स्लेटर जिंकायला लागला. पुढे तो अकरा वेळा जगज्जेता झाला. त्याचे बोर्ड अठरा इंचांच्या आसपास रुंद, पातळ आणि चांगलेच बाकदार. त्याच्या पायाखाली ते जादू करायचे. मग दुकानांतही तसेच बोर्ड आले आणि ऑफिस सुटल्यावर समुद्रावर जाणारी, चाळिशीतली, पोट सुटलेली माणसंही तेच घ्यायला लागली. ते बोर्ड त्यांना लाटच पकडू देत नव्हते. पुढे लहान पण रुंद, भरदार बोर्ड परत आले ते उगाच नाही.

आता आपला समुद्र. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यापुढचा उथळ समुद्रतळ, फार लांबवर पसरलेला आहे. बॉम्बे हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहेत आणि तिथेही पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल. दूरच्या वादळातून येणारी १४ सेकंदांची (म्हणजे एकीमागून दुसरी १४ सेकंदांनी येणारी) लाट जवळपास ३०० मीटर लांब असते. लाटेला तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर तळ जाणवायला लागतो, म्हणजे हिला १५० मीटरवर. थोडक्यात, सर्फरला हवी असलेली ती लांब, शिस्तीची लाट तेलविहिरींच्याही पलीकडून तळ घासत येते आणि जुहूला पोचेपर्यंत तिच्यातला दम संपलेला असतो. बाली किंवा हवाईला समुद्र किनाऱ्याजवळच खोल आहे, त्यामुळे लाट जोर राखून येते आणि एकदम उभी राहते.

आपल्याला उरतात त्या पावसाळ्यातल्या, जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा. उंची असते, पण दोन लाटांमधलं अंतर कमी आणि नैऋत्येचा वारा समुद्राकडूनच, त्यामुळे भिंत उभी राहण्याआधी विस्कटते. वर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक. सकाळी जिथे लाट फुटत होती तिथे दुपारी चिखल. (आणि हो, आषाढात महापालिका समुद्रात उतरू नका म्हणते तेव्हा उतरू नका. कोळी बांधव होड्या ओढून ठेवतात त्या महिन्यांत तुम्ही कोण लागून गेलात?)

अशा लाटेवर स्पर्धेचा बोर्ड घेऊन गेलात तर तुम्हाला वाटेल, आपल्याला सर्फिंग येत नाही. येत असतं. इथे किलोमागे ०.३५ नव्हे, ०.४५ लिटर धरा, चांगलं येत असलं तरी. लांबी तुमच्या उंचीएवढी किंवा इंच-दोन इंच कमी, रुंदी वीस इंचांच्या आसपास, नाकाकडचा बाक कमी, शेपूट रुंद, रेल मात्र जाड नको. फुगवायचंच असेल तर छातीखाली फुगवा. म्हणजे पॅडलला, हातांनी पाणी मारत पुढे जायला, हात हलका होतो आणि कडही बुडते. फिना बदलता येणाऱ्या घ्या, मोठ्या दिवशी तीन, मंद दिवशी दोन आणि मागे एक छोटी. यात 'खाली उतरल्याचं' काही नाही. जगातले चांगले सर्फर मंद लाटेच्या दिवशी असलेच बोर्ड काढतात, फक्त त्याचे फोटो टाकत नाहीत.

खरा शॉर्टबोर्ड घेऊच नका असं नाही. वर्षातून एकदा का होईना, श्रीलंकेत 'अरुगम बे'ला किंवा इंडोनेशियात जात असाल तर जरूर घ्या, आणि तो त्या लाटेसाठीच राखून ठेवा. मात्र तो मोडेल हे धरून चाला. वजन कमी ठेवायला त्यावर चार औंसाच्या काचेच्या कापडाचे एक-दोनच थर असतात. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या इतालो फरेराचा बोर्ड सुरुवातीलाच मोडला, त्याने दुसरा घेतला आणि सुवर्णपदक नेलं. त्याच्याकडे दुसरा होता. तुमच्याकडे हप्ते असतात.

राहता राहिलं साहित्य. पॉलियुरेथेनचा फोम आणि पॉलिएस्टर रेझिन हा जुना जोड जरा जड, पण खवळलेल्या पाण्यात शांत राहतो आणि दुरुस्तीला सोपा. ईपीएस, म्हणजे बारीक दाण्यांचा थर्मोकोल, आणि त्यावर इपॉक्सी, हा हलका आणि उसळता. मंद लाटेत बरा पळतो. पण भेग पडली की पाणी पितो, आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत राहिला तर कापड फोमपासून सुटून फुगा येतो.

येताना जुना बोर्ड घेऊन या, आकडा नाही आणला तरी चालेल. विरार लोकलमध्ये लगेजच्या डब्यात चढा, गर्दी टाळून. आणि बोर्ड ईपीएसचा असून चीर पडली असेल, तर घराजवळच्या होड्यांच्या फायबरवाल्याकडे देऊ नका. माणूस कामात पक्का असतो, पण त्याचं रेझिन पॉलिएस्टरचं असतं आणि त्यातलं स्टायरीन हा फोम विरघळवून टाकतं. वरून झकास दिसतो आणि आत मूठ जाईल एवढी पोकळी असते. ओली चीर बंद करू नका, पाणी निथळू द्या, बोर्ड सावलीत उभा ठेवा आणि मला फोन करा.