मंग तिना आंडोर जेवना का नही?

चार वर्षं माझी एक कथा संपत नव्हती. शेवट लिहून झाला होता, पण कथा हातावेगळी होत नव्हती. कॉम्प्युटरवर तिच्या अकरा फायली साठल्या होत्या. २०२४च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ओळखीच्या एका संपादकांनी विचारलं, "सध्या काही लिहिताय का?" कथा पिशवीत होती, तरी मी नाही म्हणाले. त्या रात्री झोप लागली नाही.

कथा साधीच. धुळ्याकडच्या खेड्यातली एक म्हातारी. मुलगा पुण्याहून तिला न्यायला येतो आणि ती जात नाही. तिच्या तोंडी एक वाक्य आहे, "माले घर शे." पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळणार नाही म्हणून मी त्याचं "मला घर आहे" केलं. ते पुस्तकी वाटलं, म्हणून "शे" परत आणलं. मग वाटलं, आईशी तर मुलगाही घरचीच बोली, अहिराणी, बोलेल, म्हणून त्याचे सगळे संवाद फिरवले. महिन्याभराने तेही पुसले. दर वेळी वाचायला बसायचे ती पहिल्या ओळीपासून, आणि दुसऱ्या पानाशी येईपर्यंत रात्र सरायची. सुरुवातीचा परिच्छेद घासून घासून गुळगुळीत झाला, शेवटची चार पानं मात्र जवळजवळ पहिल्या खर्ड्यातलीच राहिली.

एप्रिलमध्ये मावशीकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला गेले होते. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून पहाटेच चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटत होता, लसूण-मिरचीचा वास गच्चीपर्यंत आला होता. मावशी ओल्या फडक्यावर बिबडी थापायची आणि पसरलेल्या धोतरावर पालथी करायची. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, कथा वाचून दाखवू का? ती म्हणाली, वाच.

ज्या परिच्छेदावर मी वर्षं घालवली, तो चालू असताना ती घाट्यात पाणी घालत होती. "माले घर शे" आलं तेव्हा तिचा हात थांबला. कथा संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "मंग तिना आंडोर जेवना का नही?"

आंडोर म्हणजे मुलगा. मग तिचा मुलगा जेवला की नाही? मी गप्प झाले. मुलगा संध्याकाळी येतो, सकाळच्या गाडीने जातो, आणि मधली रात्र कथेत नव्हतीच. नकार मिळाल्यावर तो त्या घरात कसा बसला, ताट कोणी वाढलं, हे लिहायला मला भीती वाटत होती. म्हणून मी शब्द फिरवत बसले होते.

घरी येऊन ती रात्र वहीत हाताने लिहिली, एका बैठकीत. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि दोघांचं न बोलणं. त्यानंतर कथेवरून तीनदाच हात फिरवायचा असं ठरवलं. पहिल्या वेळी फक्त प्रसंग बघायचे, आणि तेही शेवटच्या पानापासून उलटे. दुसऱ्यांदा फक्त संवाद. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचायचं आणि जीभ अडखळेल तिथेच पेन लावायचं. काढलेला शब्द पुन्हा घालावासा वाटला, तर त्या जागेचं काम झालं असं समजून पुढे जायचं. हा शेवटचा नियम पाळताना फार त्रास झाला, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

त्या दिवसांत असोद्याच्या बहिणाबाई सारख्या आठवायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी तोंडीच रचली. ती आपल्यापर्यंत आली ती ऐकणाऱ्यांनी कागदावर उतरवून घेतली म्हणून. त्या ओव्यांच्या मुलखात राहून मी माझं वाक्य चार वर्षं एकदाही कानाने ऐकलं नव्हतं.

जुलैअखेरीस कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली. मुलगा आता आईशी अहिराणीच बोलतो, फक्त फोनवर पुण्याला बोलताना बदलतो. "माले घर शे" तसंच ठेवलंय, कंसात अर्थ न देता.