डावा ग्रुप

लातूरच्या एका कॅफेत मी पंधरा दिवसांत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तक्रार एकच, कॉफी आंबट यायलीय. पहिल्यांदा कारण होतं साचलेला क्षार. दुसऱ्यांदा कारण होतं मी काढलेला क्षार. तेच डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो.

मी एस्प्रेसो मशीनची सर्व्हिस करतो, राहायला संभाजीनगरला, जालना बीड लातूर नांदेड सगळं माझ्याकडंच. लातूरच्या पाण्याचं वेगळं काय सांगायचं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर आहे. या कॅफेत नळ आला की मांजरा धरणाचं, एरवी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं, आणि तिन्ही एकाच टाकीत. आपलं आयएस १०५००, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणतं की त्यात हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅम असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल. माणसाला चालत असेल, मशीनला नाही चालत. माझी टेस्ट स्ट्रिप त्या टाकीत बुडवल्या बुडवल्या शेवटच्या रंगावर गेली.

पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर होता बरं का. त्यात मीठ कधी टाकलेलंच नव्हतं, कारण विकणाऱ्यानं मीठ लागतं हेच सांगितलं नव्हतं. मालक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजणारं, घेऊन मला दाखवायले, बघा साहेब, आत जाताना जेवढा तेवढाच बाहेर. अहो मीठ टाकलं तरी आकडा तेवढाच राहणार, सॉफ्टनर कॅल्शियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, टीडीएस मीटरला त्यातला फरक कळत नाही. हे मी प्रत्येक गावात सांगतो आणि प्रत्येक गावात लोक त्या मीटरवरच विश्वास ठेवतात.

मशीन दोन ग्रुपचं, ग्रुप म्हणजे जिथून कॉफी कपात पडते ते तोंड, आणि हीट एक्स्चेंजरवालं. बॉयलरमधलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं पण ते कॉफीला लागतच नाही, त्यातून तांब्याची नळी जाते, ताजं पाणी त्या नळीतून जाता जाता तापतं आणि कॉफीवर ९० ते ९५ अंशांना पडायला पाहिजे. आणि बाहेर लटकलेला ग्रुप म्हणजे चार किलोच्या आसपास पितळ, तो गरम राहावा म्हणून नळी आणि ग्रुप यांच्यात पाणी आपोआप फिरत असतं, गरम वर जातं, निवलेलं खाली येतं, मधे पंप नाही काही नाही. गच्चीवरच्या सोलरमध्ये फिरतं ना, अगदी तसंच. मला या मशीनमधला हा भाग सगळ्यात आवडतो.

पहिल्या खेपेची तक्रार अशी की संध्याकाळी क्लास सुटले, पोरांची गर्दी झाली की चौथ्या-पाचव्या कपापासून आंबट. माझ्या आधी ग्राइंडर बदलून झाला होता, गावातल्या इलेक्ट्रिशियननं प्रेशरचा स्विच बदलला होता, दोन्ही खर्च वाया. प्रेशरचा काटा मात्र १.१ बारवरून हलत नव्हता. हलणार कसा, तो बॉयलरचा काटा, कॉफीवर किती अंशांचं पाणी पडतंय ते त्याला काय माहीत. उघडून बघितलं तर नळीच्या आत पांढरा खडक. तांब्याच्या मानानं क्षार उष्णता शंभर पटींहून कमी पुढं सरकवतो, मग एकामागून एक कप काढले की पाण्याला तापायला वेळच मिळत नाही, आणि पाणी कमी तापलेलं असलं की कॉफी आंबट येते. एलिमेंटवर तर एवढा थर की कॉइलचे वेढे वेगळे दिसत नव्हते.

मी कोमट पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्वच, करून सोडलं, फेस आला, दोनदा केलं, तीन वेळा अख्खा बॉयलर धुतला. ओळीनं दहा शॉट काढले, दहाही चांगले. रात्रीचे साडेनऊ झाले होते, गाडी गाठायची होती, मी झाकण लावलं आणि निघालो.

आठव्या दिवशी मालकांचा फोन, साहेब पैसे घेतलेत पण कॉफी होती तशीच आंबट. मला राग आला. गेलो, परत नळी बघितली, स्वच्छ. परत बॉयलर बघितला, स्वच्छ. दोन तास त्यातच घालवले. मशीनवर काम करणारा पोरगा, औशाकडचा, वीसेक वर्षांचा, मागून सांगायला होता, "दादा, आता गर्दीत चांगली यायलीय, बसून राहिलं की पहिला कप आंबट, आन तेबी डाव्याच्या डाव्याच." मी हं हं करत होतो. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ऐकलं.

आधी गर्दीत आंबट, आता रिकामं असताना आंबट. म्हणजे दुखणं बरोबर उलटं झालं होतं आणि मी शब्द तोच म्हणून तेच दुखणं शोधत बसलो होतो. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, लावलं, अर्धा तास मशीनला हात लावू दिला नाही. उजवा ग्रुप ९१, डावा ७४. डाव्याची खालची, परतीची नळी हातात धरता येत होती. चालू मशीनवर ती नळी धरता आली म्हणजे आत पाणी फिरत नाही, एवढं या धंद्यात हातालाच कळतं.

डाव्या नळीच्या तोंडाशी पाण्याची चाल आवरणारं बारीक भोकाचं जेट असतं, ते उघडलं आणि भोकावर एक पापुद्रा, तुरीच्या डाळीएवढा, आडवा बसलेला. अ‍ॅसिडनं सगळा क्षार विरघळत नाही, बराचसा धातूपासून नुसता सुटतो आणि पाण्याबरोबर हिंडतो. त्या रात्री मी हे जेट उघडलं असतं तर दहा मिनिटं लागली असती. आम्हाला ट्रेनिंगमध्ये केमिकल किती ग्रॅम टाकायचं ते शिकवतात, सुटलेला पापुद्रा कुठं जाऊन बसतो ते कोणी शिकवलं नाही, पण मी अकरा वर्षं हे करतोय, मला ते सुचायला पाहिजे होतं.

मालकांना जसं झालं तसं सांगितलं आणि दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. ते म्हणले पोरगं मला पण तेच सांगायलतं, मला वाटलं याला काय कळतंय. मी काही बोललो नाही, मी तरी काय वेगळं केलं होतं. पाण्याला आरओ बसवायला लावला, पण थोडं साधं पाणी मिसळून, नुसत्या आरओचं पाणी इतकं कोरं असतं की बॉयलरच्या लेव्हल प्रोबला, म्हणजे पाण्याची पातळी बघणाऱ्या कांडीला, पाणी आहे हेच कळत नाही आणि तो भरतच राहतो.

थर्मोकपल पोरापाशीच ठेवून आलो. दुकान उघडल्यावर अर्धा तास मशीन तापू द्यायचं, पहिल्या कपाच्या आधी दोन्ही ग्रुपचे आकडे वहीत लिहायचे, असं सांगितलंय. रोज पाठवतो. काल उजवा ९१, डावा ८९. जेट साफ केल्यावर दोन्ही ९१ होते. अजून एखादा पापुद्रा सुटला असेल का, का थर्मोकपल नीट टेकलं नसेल, त्याला आज दुपारी परत मोजायला सांगितलंय.