वेंगुर्ल्याचं बंदर आणि वरचा घाट

वेंगुर्ल्याला बहुतेक लोक सागरेश्वरच्या बीचसाठी आणि मासे खायला जातात, मला मात्र तिथलं बंदर बघायचं होतं. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलं की पुढे पंचवीसेक किलोमीटर एसटीने जायचं. ज्या गावातून एके काळी बेळगाव-धारवाडकडचा माल बोटीत चढायचा तिथे आज रेल्वे नाही आणि मुंबई-गोवा हायवेपण आत कुडाळ-झारापवरूनच निघून जातो, हे त्या एसटीतच लक्षात येतं.

गावात डच वखार आहे, म्हणजे जे काही उरलंय ते. जाड भिंती, छप्पर गेलेलं, झाडांच्या मुळ्या भिंतीत शिरलेल्या. डच इथे १६३७ मध्ये आले. गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना पाणी आणि धान्य भरून घ्यायला ही जागा एकदम सोयीची. मी बराच वेळ तिथे फिरले पण आत येऊन बघणारं दुसरं कोणी दिसलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की ही वास्तू नीट सांभाळली पाहिजे, अजून काही पावसाळे असेच गेले तर फक्त दगडांचा ढीग राहील.

१८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं आणि इथून खरी भरभराट सुरू झाली. कारण समुद्र तर सगळ्याच गावांना होता, वेंगुर्ल्याला वर घाट होता. आधी रामघाट, नंतर गाडीरस्ता झालेला आंबोलीचा घाट. बेळगावला इंग्रजांची छावणी, तिचं सामान बोटीने वेंगुर्ल्याला उतरायचं आणि घाट चढून जायचं. वरून कापूस आणि धान्य खाली, खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर. बैलांचे तांडे, गाड्या, हमाल, अडते, गोदामं, सगळं गाव या ये-जा करणाऱ्या मालावर जगायचं.

मग पोर्तुगीजांच्या मुरगाव बंदरातून रेल्वे घाट चढली, १८८८ च्या सुमारास. वॅगन थेट धक्क्यावर येते म्हटल्यावर बैलगाडीने आंबोली उतरायला कोण बसलंय! काही वर्षांत माल तिकडे वळला. समुद्र तोच, बंदर तेच, फक्त मालाची वाट बदलली. कोकणातली बंदरं गाळाने मेली असं आपण सरसकट म्हणतो, पण वेंगुर्ल्याचं तसं नाही.

प्रवासी आगबोट मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं यायची, मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून सुटून एकेक बंदर घेत खाली. बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, ने-आण करायचे, पावसाळ्यात सगळं बंद. बंदरावर एक आजोबा भेटले, त्यांना विचारलं तर हात दाखवून म्हणाले, “बोट इली काय हय पाय ठेवक जागा नसायची.” आता तिथे मच्छीमारांच्या होड्या, जाळी सुकत घातलेली आणि संध्याकाळी फिरायला आलेली मंडळी.

मग गाव जगतं कशावर? मासे आहेतच, दक्षिणेला रेडीला लोहखनिज आहे, पण मला विचाराल तर काजू. ओळखीने एका कारखान्यात आत जायला मिळालं. वाफवलेल्या बिया ढिगाने समोर, बाई एकेक बी दोन पात्यांच्या मध्ये धरते, पायाने पेडल दाबते, कट्, टरफल दोन तुकडे, आणि टोकदार सुरीने गर अख्खा बाहेर. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून हातांना राख किंवा तेल लावलेलं असतं, तरी बोटं काळीच. मग गर भट्टीत सुकवून साल काढायची आणि आकाराप्रमाणे वेगळं करायचं, ३२० नंबरचा म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात इतका फरक की सगळा धंदा त्या बाईच्या हातावर चालतो, आणि मजुरी ऐकली तर वाईट वाटतं.

१९५७ पासून इथे फळ संशोधन केंद्र आहे, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच, आसपासच्या बागांमधून त्याच दिसतात. तरी कारखान्यांना स्थानिक बी पुरत नाही, आफ्रिकेतून आणावी लागते. ती बीसुद्धा वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरत नाही, मोठ्या बंदरातून ट्रकने रस्त्याने येते. आणि बोंडू, म्हणजे काजूचं फळ? गोव्यात त्याची फेणी होते, इकडे बहुतेक बागेतच कुजतो. यावर कुणीतरी मनापासून काम करायला हवं, कच्चा माल दारात पडलाय.

२०२१ मध्ये याच तालुक्यात चिपीला विमानतळ सुरू झाला. पर्यटक येतील हे खरंच, पण काजूचं पोतं विमानाने जात नाही. जाणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, तेव्हा बी येते आणि कारखाने जोरात असतात. आणि परत येताना कोल्हापूर-बेळगावकडचे असाल तर आंबोली घाटानेच चढा.