साक्षीचं समन्स आलंय, कोर्टात काय बोलू?

साक्षीचं समन्स हातात पडलं की माणूस ओळखीचा वकील गाठतो आणि हाच प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. जे स्वतः पाहिलंत, ऐकलंत तेवढंच बोला, हे उत्तर एका ओळीत संपतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाची साक्षसुद्धा उलटतपासात का कोसळते, हे आधी कळायला हवं.

त्याचं मूळ बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात घेतलेल्या जबाबात असतं. हा जबाब (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६१, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १८०) शब्दशः तुमचा नसतो. तुम्ही घरच्या भाषेत सांगता, अंमलदार "सदर इसमाने", "नमूद ठिकाणी" अशा भाषेत उतरवतो. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असं कायदाच सांगतो. तुम्ही दहा गोष्टी सांगितल्या, त्यातल्या सहा उतरल्या. काही वर्षांनी कोर्टात तुम्ही दहाही सांगता. उरलेल्या चार म्हणजे वकिलांच्या बोलीतलं 'ओमिशन'. बचावाचा वकील विचारतो, "आरोपी मागच्या दाराने पळाला, हे पोलिसांना सांगितलं होतं?" तुम्ही हो म्हणता. "मग जबाबात का नाही?"

इथे माणसं दोन तऱ्हेने घसरतात. कुणी घाबरून "मग सांगितलं नसेल" म्हणून टाकतो. कुणी कारण रचतो: पोलीस घाईत होते, त्यांनी मुद्दाम गाळलं. खरोखर सांगितलं असेल तर उत्तर एवढंच आहे: "मी सांगितलं होतं. का लिहिलं नाही, ते मला सांगता येणार नाही." ती गोष्ट पुढे तपासी अंमलदाराला पिंजऱ्यात विचारावी लागते, बचावाने ती विचारली नाही तर ओमिशन शाबीत होत नाही. शिवाय प्रत्येक ओमिशनने साक्ष मरत नाही. मागचं दार जबाबात नसलं तर फारसं बिघडत नाही. पण "वार करताना मी पाहिलं" हेच वाक्य जबाबात नसेल आणि कोर्टात पहिल्यांदा आलं, तर त्यावर शिक्षा टिकणं फार कठीण.

म्हणून तारखेला कोर्ट बसायच्या आधी पोहोचा आणि सरकारी वकिलांना भेटा. आपला जबाब पाहून आठवण ताजी करण्यात गैर काही नाही. उलटतपासात "आज जबाब वाचलात का?" असं विचारतील. वाचला असेल तर हो म्हणा. या निरुपद्रवी प्रश्नाला किती साक्षीदार नाही म्हणतात! मग वकील पुढचं सारं त्या एका खोट्याच्या आधाराने पाडतो. मात्र पोलिसांनी व्हरांड्यातल्या बाकावर जबाब वाचून दाखवत "एवढंच बोलायचं" म्हणणं वेगळं. ते शिकवणं झालं. तमिळनाडूतल्या एका खुनाच्या खटल्यात साक्षीच्या आदल्या दिवशी साक्षीदारांना पोलीस ठाण्यात नेऊन असं पढवलेलं निघालं, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात झालेली शिक्षा रद्द केली.

पुकारा झाला की पिंजऱ्यात उभं राहायचं. शपथ १९६९ च्या कायद्याप्रमाणे ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञेवर, तुम्हाला हवी तशी. ग्रंथावर हात ठेवावा लागत नाही. आधी सरतपास, म्हणजे तुम्हाला बोलावणाऱ्या बाजूच्या, इथे सरकारी वकिलांच्या, प्रश्नांना उत्तरं. त्यात सरकारी वकिलांना उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही, म्हणून "मग काय झालं?" असे मोकळे प्रश्न येतात आणि साक्षीदार गोंधळतो: पोलिसांना एवढं सांगितलंय, तरी हे पुन्हा का विचारतात? कारण जबाब हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे तुम्ही आज, आरोपीसमोर, तोंडाने सांगता ते. न्यायाधीश तुमची उत्तरं जोडून प्रथमपुरुषी मजकूर टंकलेखकाला सांगतात. टायपिंग थांबेपर्यंत थांबा. घाईघाईत सांगितलेलं अर्धं वाक्य कागदावर येतं आणि अपिलात उच्च न्यायालय फक्त तो कागद वाचतं.

उलटतपासात सूचक प्रश्न चालतात, तिथलं धोरण वेगळं. "तुम्ही तिथे नव्हता आणि आरोपीला ओळखतही नाही, बरोबर?" हे दोन प्रश्न आहेत, उत्तरंही दोन द्या. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. अंतर आणि वेळ यांत सर्वात जास्त पडझड होते. "किती फुटांवर होता?" "वीस." घटनास्थळाच्या नकाशात ते पन्नास निघतं. फुटांचा अंदाज नसेल तर कोर्टातच दाखवा: या पिंजऱ्यापासून त्या दारापर्यंत. न्यायाधीश अंदाज नोंदवून घेतात. रात्रीची घटना असेल तर उजेड कुठून येत होता हे हमखास विचारतात, कारण घटनास्थळ पंचनाम्यात खांबावरच्या दिव्याचा उल्लेख राहून गेलेला असतो. दिवा आठवत असेल तर सांगा. आठवत नसेल तर केवळ साक्ष पक्की व्हावी म्हणून तो लावू नका.

मुद्देमालाचंही तसंच. सीलबंद पाकीट फोडून सुरी दाखवतात. पंचाने स्वतःची सही लेबलवर ओळखायची असते. तुम्ही पंच नसाल आणि सुरीला काही खूण नसेल, तर "अशीच होती" हे प्रामाणिक उत्तर आहे. "हीच" म्हणालात की पुढचा प्रश्न ठरलेला: "अशा सुऱ्या बाजारात मिळतात ना?" ओळख परेडमध्ये आरोपीला ओळखलं असेल तर त्याआधी त्याला ठाण्यात किंवा मोबाइलवरच्या फोटोत पाहिलं होतं का, हे विचारतीलच. पाहिलं असेल तर लपवू नका. तो दोष तपासाचा आहे, तुम्ही त्यासाठी खोटं बोलण्याचं कारण नाही.

"आठवत नाही" हे उत्तर लोकांना हार वाटते. मला ते साक्षीतलं सर्वात कमी वापरलं जाणारं खरं उत्तर वाटतं. वर्षं उलटल्यावर शर्टाचा रंग आठवणारा आणि तारीख विसरलेला साक्षीदार न्यायाधीशांना रोज भेटतो. सगळंच आठवणाऱ्याबद्दल मात्र त्यांना शंका येते.

दबाव आला असेल तर गप्प राहून पिंजऱ्यात शब्द फिरवू नका. तसं केलंत तर सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवण्याची परवानगी मागून तुमचीच उलटतपासणी घेतात, आणि दंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर जबाब दिला असेल तर खोट्या साक्षीचा खटलाही ओढवू शकतो. त्याआधी सरकारी वकिलांना सांगून साक्षीदार संरक्षणासाठी अर्ज करा. २०१८ च्या योजनेत तो जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवून समिती निर्णय देते, आणि निकडीचं असेल तर तोवरचं संरक्षणही देऊ शकते.

साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवली जाते. तेव्हा मन लावून ऐका. चुकीचं उतरलेलं वाक्य तिथेच दाखवा. न्यायाधीशांनी ते दुरुस्त केलं नाही तरी तुमची हरकत नोंदवून ठेवता येते. जाण्याआधी प्रवासभत्त्याची चौकशी करा. घरी गेल्यावर महत्त्वाचं काही आठवलं तर दुसऱ्या साक्षीदारांशी त्याची चर्चा न करता थेट सरकारी वकिलांना कळवा. निकाल लागेपर्यंत तुम्हाला पुन्हा बोलवायचा अधिकार कोर्टाला असतो, पण आधी का आठवलं नाही, याचं कारण तुम्हाला तिथे सांगावं लागेल.