बारा आणे मेटॉल

परवा दुपारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याने ऐन वेळी मान टाकली. सेल घरात नव्हता. ओट्यावर तपकिरी बाटली, भांड्यात कोमट पाणी, फिल्म धुण्याच्या द्रावणासाठी मेटॉल नावाच्या केमिकलची पुडी उघडलेली. आता थांबायचं तरी कसं? माळ्यावरून अण्णांचा डबा काढला.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत सराफाकडून आणलेला जुना काटा आणि मूठभर नाणी. कोडॅकच्या डी-२३ डेव्हलपरचा नुस्खा एवढासाच: लिटरभर पाण्याला ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट. अण्णांकडे वजनांची पेटी नव्हती, पण निकेलची पावली अडीच ग्रॅमची, आठ आणे पाच ग्रॅमचे आणि बंदा रुपया दहा ग्रॅमचा हे त्यांनी कुठूनसं हेरलं होतं. त्यामुळे आमच्या घरात डेव्हलपर म्हणजे 'बारा आणे मेटॉल, दहा रुपये सल्फाइट'. सल्फाइट पाच-पाच रुपये करून दोनदा तोलायचं, कारण काटा बिचारा सोन्याचा, त्याला एवढ्या ओझ्याची सवय नव्हती. वाण्याच्या यादीत आई रवा, साबुदाणा लिहायची, त्याखाली अण्णा केमिकलवाल्यासाठी लिहायचे: 'सल्फाइट. सल्फेट नव्हे!!' उद्गारचिन्हं दोन.

घालण्याचा क्रम मोडलेला त्यांना चालत नसे. आधी पाण्यात सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, ते पुरतं विरघळलं की मगच उरलेलं सल्फाइट. उलट केलंत तर मेटॉल रुसून बसतं, ढवळून हात दुखले तरी विरघळत नाही. चिमूट कशासाठी, तर मेटॉल हवेने काळवंडू नये म्हणून. आणि एवढं ढीगभर सल्फाइट कशाला, तर ते फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराचे कण कडेकडेने विरघळवतं आणि फोटोचा दाणा, म्हणजे चित्रात दिसणारे ठिपके, बारीक येतो. आई दारातून विचारायची, "अहो, काढा झाला का? कुकर लावायचाय."

बाटली अर्धी झाली की अण्णा माझ्या गोट्या मागायचे. एकेक गोटी टुबुक् करून आत, द्रावण गळ्यापर्यंत वर, हवेला जागाच नाही. माझ्या हिरव्या गोट्या अशाच गेल्या. परत मिळाल्या तेव्हा माझं गोट्यांचं वय उलटलं होतं.

१९७५ नंतर रुपया आठ ग्रॅमचा झाला. डब्यात नवे-जुने कधी मिसळले कळलंच नाही. आत्याच्या लग्नाचे रोल अण्णांनीच धुतले. फिल्म ऊटीची, 'इंदू' छापाची. आत्याच्या गालावर रवा सांडल्यासारखा दाणा. "रुपया घसरला, दुसरं काय!" अण्णांनी हात झटकले. आई म्हणाली, "मे महिन्यातलं नळाचं पाणी होतं ते. बर्फ आणा म्हटलं होतं." थर्मामीटरवर २० च्या जागी ३० दिसत होते, हे मीही पाहिलं होतं. पण बोललो नाही. रुपयावर ढकललेलं आत्यालाही पटलं होतं. लग्नाचा विषय निघाला की ती अजून सांगते, तेव्हाच्या सरकारमुळे माझे फोटो बिघडले.

पुढे रुपया सहा ग्रॅमवर आला. स्टीलची पावली आली ती २.८३ ग्रॅमची, म्हणजे अगदीच निरुपयोगी. मग २०११ साली जून संपता संपता पावली चलनातूनच गेली. अण्णांचे बारा आणे मात्र अजून साडेसात ग्रॅमच भरतात. परवा सेल आणल्यावर मुद्दाम ताडून पाहिलं. काटा ७.४ म्हणाला. झिजले असतील. किंवा काटाच तसा असेल.

द्रावण झकास झालं, पाण्यासारखं नितळ. बाटलीवर तारीख घातली, बूच लावलं, आणि मग आठवलं की कॅमेऱ्यातल्या रोलवर अजून अकरा फोटो शिल्लक आहेत. तेही गेल्या दिवाळीपासून. आत्याला फोन केला, म्हटलं रविवारी येतोय, नीट साडी नेसून बस. तर म्हणाली, "मोबाईलवर काढणार असशील तरच ये."