रॉयल एनफील्ड क्लासिक ५०० ला कॅम बदलताना लिफ्टर पण बदलले, माझा अनुभव (सोलापूर)

कॅम बदलायचा असेल तर आधी लिफ्टर हातात घ्या, मगच इंजिन उघडा. (कॅम म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता भाग, लिफ्टर म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉडची काडी वर ढकलणारा तुकडा.) एवढं ठणकावून सांगतोय कारण माझी गाडी ऐन मे महिन्यात इंजिन उघडून गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून होती, फक्त दोन लिफ्टरसाठी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

गाडी २०१४ ची क्लासिक ५००. जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम बाहेरून मागवला, तो वेळेत आला, हेड-ब्लॉक उतरेपर्यंत काही त्रास नाही. मग फिटर म्हणाला, "मालक, लिफ्टर चांगलं हाय की, कशाला खर्च वाढवायलाव?" माणूस कामाचा आहे, पण हात बसलाय जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर. तिथं इंजिन गार असताना दोन पाने लावून टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) सेट करायचा, पुशरॉड बोटाने फिरला पाहिजे पण वरखाली हलायला नको, झालं काम. माझ्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या नव्या) इंजिनमध्ये लिफ्टर हायड्रॉलिक. आत प्लंजर, स्प्रिंग आणि छोटा चेक व्हॉल्व्ह, ऑईलच्या प्रेशरने भरतो आणि गॅप स्वतःच भरून काढतो, म्हणूनच या गाडीला टॅपेट सेटिंग नसतं. तो आतून झिजला किंवा गाळामुळे चेक व्हॉल्व्ह नीट बसेना झाला की प्रेशर धरत नाही, टिकटिक सुरू होते आणि इंजिनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडत पण नाही. म्हणजे जास्त लिफ्टसाठी पैसे घालायचे आणि ती लिफ्ट जुन्या लिफ्टरमध्येच जिरवायची!

मी दोन्ही लिफ्टर त्याच्या हातात देऊन अंगठ्याने दाबायला लावले. इनटेकचा घट्ट होता, एक्झॉस्टचा आत बसत होता. तो लगेच म्हणाला, दोन्ही बदलू. त्याचं हे मला आवडलं.

आता खरा ताप. इथल्या एका पार्टच्या दुकानात गेलो, ॲडव्हान्स घेतला, "दोन दिवसात येतंय बघा." दोन दिवसांनी फोन केला तर पुण्यातून निघालंय. नंतर म्हणे पुण्यात नाही, चेन्नईवरून येणार. मग मालक लग्नाला गेलेत. मग फोन उचलेनाच. ५०० चं मॉडेल २०२० लाच बंद झालंय, पार्टला वेळ लागू शकतो हे मला कळतं, तसं सरळ सांगितलं असतं तर मी दुसरीकडे बघितलं असतं. इकडे फिटर रोज विचारतोय, त्याची जागा अडलेली, उघड्या क्रँककेसवर कापड आणि प्लास्टिक बांधून ठेवलेलं, गॅरेजमध्ये धूळ किती असते सांगायला नको. शेवटी दुपारच्या उन्हात दुकानात जाऊन बसलो आणि म्हणालो ऑर्डर नंबर दाखवा. वही चाळली, कॉम्प्युटर बघितला, ऑर्डर टाकलेलीच नव्हती! सॉरी पण नाही, वर "मालक, आज टाकतो की." ॲडव्हान्स तिथंच उभं राहून परत घेतला. पुण्यातल्या मित्राला पार्ट नंबरचा फोटो पाठवला, त्याने दुकानात जाऊन घेतले आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवले, सकाळी सात रस्त्याला पार्सल हातात. एवढंच काम होतं हो!

ॲडव्हान्स देताना पावतीवर पार्ट नंबर आणि ऑर्डर नंबर लिहूनच घ्या.

कॅमसोबत लिफ्टर बदलायचे की नाही, तर माझं मत सांगतो. लिफ्टरचं खालचं तोंड सपाट असेल तर विचारच करू नका, नवीनच टाका. जुनं तोंड जुन्या लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) घासून बसलेलं असतं, ते नव्या लोबला बघता बघता खाऊन टाकतं. रोलरवाला असेल, गाडी कमी चाललेली असेल, रोलर न अडकता फिरतोय, हलत नाही, त्यावर खड्डे नाहीत आणि प्लंजर घट्ट आहे, तर परत वापरता येतो, फक्त इनटेकचा इनटेकलाच आणि एक्झॉस्टचा एक्झॉस्टलाच, काढतानाच खूण करा. तरी मी बदलेनच, कारण कॅमसोबत व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंग टाकल्या तर लिफ्टरवर जोर अजून वाढतो आणि पुन्हा इंजिन उघडायची मजुरी लिफ्टरपेक्षा महाग पडते.

बसवताना घाई नको. पुशरॉड चढवल्यावर लिफ्टरमधलं जादा ऑईल निघून तो खाली बसेपर्यंत थांबा, लगेच इंजिन फिरवलं तर व्हॉल्व्ह उघडाच राहून पिस्टनला लागू शकतो किंवा पुशरॉड वाकतो. नव्या कॅमचं बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान असेल तर जुना पुशरॉड आखूड पडतो, ते पण मोजून घ्या. लोबला असेंब्ली ल्यूब (इंजिन जोडताना लावायचं घट्ट वंगण) भरपूर लावा. स्टार्ट करायच्या आधी आम्ही प्लग काढून थोडा थोडा सेल्फ मारला, म्हणजे ऑईल वरपर्यंत चढतं.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा वेळ टिकटिक आली, फिटर माझ्याकडे बघायला लागला, पण लिफ्टर भरले तसा आवाज गेला. ५०० किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदलला, १५डब्ल्यू५०च टाकलं. तुळजापूरचा घाट आता डबलसीट पण न दमता चढते, मधल्या आरपीएमला जी ओढ आलीय त्यासाठी मी परत खर्च करायला तयार आहे.

आणि हो, गॅस्केट सेट पण कॅमसोबतच मागवून ठेवा, ते राहिलंच सांगायचं.